वारा अचानक उठला तर: नागपूरच्या आसपास हॉट एअर बलून उडवताना आणि उतरवताना

जानेवारीतली सकाळ होती. कळमेश्वरच्या पुढे एका पडीक वावरातून आम्ही बलून सोडला, तेव्हा गवताचं पातंही हलत नव्हतं. पावणेनऊच्या सुमारास मी चेस गाडीतून, म्हणजे जमिनीवरून बलूनचा पाठलाग करणाऱ्या गाडीतून, मागे चाललो होतो आणि रस्त्याकडेच्या निलगिरीचे शेंडे वाकताना दिसले. वॉकीटॉकीवर पायलटला म्हटलं, "खाली वारा धरतोय." वरून उत्तर आलं, "दादा, इथे तर काहीच नाही. एकदम शांत आहे."

तो खोटं बोलत नव्हता. बलून वाऱ्यासोबतच वाहतो, त्यामुळे टोपलीत उभ्या असलेल्या माणसाला वारा लागत नाही. ताशी ३० किलोमीटरने वाहत असतानाही गळ्यातला रुमाल जागचा हलत नाही. वेग कळतो तो जमीन जवळ आल्यावर. वीस मिनिटांनी तो बलून तुरीच्या वावरात टेकला, आडवा झाला आणि टोपली जवळजवळ ८० मीटर फरफटत गेली. एका ताईंचं मनगट मोडलं. मला ते शेंडे खरं तर दहा मिनिटं आधीच दिसले होते. "थोडं बघू" म्हणून मी गप्प राहिलो. त्या दिवसापासून प्रत्येक नव्या पोराला मी एकच गोष्ट सांगत आलोय: चांगली जागा समोर आहे तोवर उतरा. वारा वाढल्यावर जागा शोधायला निघालं, की हातात फार थोडे पर्याय उरतात.

हे लिखाण तीन प्रकारच्या लोकांसाठी आहे: टोपलीत बसणारे प्रवासी, जमिनीवरचा क्रू आणि बलून शिकू पाहणारी मंडळी. ज्याला पायलट व्हायचंय त्याने परवाना असलेल्या प्रशिक्षकाकडेच शिकावं. इथलं वाचून बर्नरला, म्हणजे बलूनमधली हवा तापवणाऱ्या गॅसच्या शेगडीला, हात लावू नये.

आधी वजनाचा अंदाज घ्या

चार-पाच माणसं नेणारा बलून साधारण ३,००० घनमीटरचा असतो. कापड, टोपली, सिलिंडर, माणसं आणि आतली गरम हवा असं सगळं मिळून साडेतीन टनांच्या आसपास वस्तुमान हवेतून सरकत असतं. आतल्या हवेलाही वजन असतं हे लोक विसरतात. वाऱ्याचा वेग ताशी १० वरून २५ किलोमीटर झाला, तर जमिनीवर टेकताना जिरवावी लागणारी ऊर्जा सहापटीहून जास्त होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. "थोडासाच वारा आहे" या बोलण्याला बलूनच्या धंद्यात जागा नाही ती यामुळे.

दुसरा हिशेब उचलशक्तीचा. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे. डिसेंबरात पहाटे १२ अंश तापमान असताना आतली हवा १०० अंशांवर नेली, तर या आकाराच्या बलूनला साधारण ८४५ किलो उचलता येतात. तोच बलून एप्रिलच्या ३० अंशांच्या सकाळी तेवढ्याच आतल्या तापमानाला ६३० किलोंच्या आसपास येतो. यात बलूनचं स्वतःचं वजनही धरलेलं आहे. म्हणजे उन्हाळ्यात तेवढीच माणसं घेतली, तर झटकन वर जाण्याची ताकद शिल्लक राहत नाही, आणि वारा अचानक फिरतो तेव्हा नेमकी तीच लागते. मार्चनंतर दोन माणसं कमी घ्या. गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल.

हा वारा येतो कुठून

हिवाळ्यात रात्रभर जमीन थंड होते आणि तिला चिकटलेली हवाही थंड, जड होऊन खाली बसते. तिच्या वर त्यामानाने गरम हवेचा थर असतो. याला इन्व्हर्जन म्हणतात. खालचा थर झाकणाखाली ठेवल्यासारखा शांत असतो, पण त्याच्या वर, दोनशे-तीनशे मीटरवर, चांगला जोरदार वारा वाहत असू शकतो. ऊन चढलं की जमीन तापते, हवा ढवळली जाते, झाकण फुटतं आणि वरचा वारा खाली उतरतो. सकाळी साडेआठला जो वारा "अचानक" आला असं वाटतं, तो पहाटेपासून डोक्यावर वाहतच असतो.

नागपुरात जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य पावणेसातनंतर उगवतो आणि हे झाकण माझ्या अनुभवात साडेआठ ते नऊच्या दरम्यान फुटतं. मार्चअखेर ते साडेसातलाच फुटलेलं असतं. त्यामुळे मी हिवाळ्यात सव्वाआठला आणि मार्चमध्ये सातच्या ठोक्याला बलून जमिनीवर असावा असा आग्रह धरतो. प्रवाशांना "अजून दहा मिनिटं" हवी असतात. सगळे त्रास त्या दहा मिनिटांत होतात.

संध्याकाळचं गणित उलटं आहे. दुपारचा खळबळता वारा सूर्य कलू लागला की निवळतो. सकाळच्या उड्डाणात वेळ तुमच्या विरुद्ध असते, संध्याकाळी ती तुमच्या बाजूने असते. संध्याकाळी खाली वारा जास्त वाटला आणि गॅस पुरेसा असेल, तर थोडं थांबून उतरणं शहाणपणाचं ठरू शकतं. सकाळी मात्र थांबलं की परिस्थिती बिघडतच जाते. एकच अट: अंधार पडायच्या आत बलून खाली हवा, कारण अंधारात तारा दिसत नाहीत.

दुसरा आणि जास्त क्रूर प्रकार म्हणजे वादळाचा फटकारा. फेब्रुवारी-मार्चची अवकाळी गारपीट आणि एप्रिल-मेचा वळीव विदर्भाला काही नवा नाही. मेघगर्जनेच्या ढगातून थंड हवा खाली कोसळते आणि जमिनीवरून चारी दिशांना पसरते. ढग ३०-४० किलोमीटर दूर असला, तुमच्या डोक्यावर निळं आभाळ असलं, तरी हा झोत तुमच्यापर्यंत येऊ शकतो. स्लोव्हेनियात ल्युब्लियाना शहराजवळ २३ ऑगस्ट २०१२ रोजी असाच वादळी वारा एका मोठ्या बलूनवर आला. आत ३२ जण होते, त्यातले सहा जण दगावले.

वावटळ सगळ्यांनी पाहिलेली असते. ती दिसू लागली, म्हणजे जमीन तापून हवा वर उसळते आहे. त्या वेळी बलून हवेत असायलाच नको.

पहिली पायरी: आदल्या दिवशी

दुपारनंतर हवामान खात्याचा अंदाज बघा, पण फक्त जमिनीवरच्या वाऱ्याचा आकडा बघून समाधान मानू नका. ३०० आणि ६०० मीटर उंचीचा वारा किती आहे आणि कुठल्या दिशेचा आहे, तेही बघा. जमिनीवर ताशी ५ किलोमीटर आणि वर ताशी ४० असेल, तर इन्व्हर्जन फुटल्यावर काय होणार हे ओळखता येतं. बलूनवाले वारा नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर.

माझ्या मर्यादा आकड्यांत सांगतो. उड्डाणाच्या वेळी जमिनीवर ताशी १५ किलोमीटरपेक्षा जास्त वारा असेल, तर प्रवाशांना घेऊन जायचं नाही. उतरण्याच्या वेळी २० च्या वर जाणार असा अंदाज असेल, तरीही नाही. बलूनच्या पुस्तिकेत याहून जास्त मर्यादा लिहिलेली असू शकते, ती कुशल पायलटची आणि मोकळ्या मैदानाची असते. आपल्याकडे विहिरी, तारा आणि धुरे (शेताचे बांध) आहेत.

मार्च ते जून १०० किलोमीटरच्या आत गडगडाटी ढग असतील, तर बेत रद्द. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचं डॉप्लर रडार त्यासाठीच आहे. खात्याकडून दर काही तासांनी येणारा नाऊकास्ट (पुढच्या काही तासांपुरता) इशारा वाचा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात कुठे वीज पडते आहे ते दाखवतं. त्यात जवळपास एकही खूण उमटली तरी निघायचं नाही.

मग नकाशा घेऊन बसायचं. हे काम सगळ्यांत जास्त वेळ खाणारं आहे आणि तसंच ते असायला हवं. हिवाळ्यात नागपुरात वारा बहुतेक उत्तर-ईशान्येकडून असतो. म्हणजे कामठी-रामटेक बाजूने सोडलेला बलून शहरावर किंवा कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या दिशेने जाऊ शकतो, आणि तिथून निघणाऱ्या हाय टेन्शन लाईनींचं जाळं बघायलाच नको. सोनेगावला नागरी विमानतळ आहे आणि हवाई दलही आहे. तिथल्या हवाई नियंत्रणाची परवानगी आणि उंचीची मर्यादा पाळणं हा कायद्याचा भाग आहे. अमरावती रस्त्याला बाजारगावच्या बाजूला स्फोटकांचे कारखाने आहेत. त्या कुंपणांच्या आसपास बर्नर पेटवण्याची वेळ येता कामा नये. उत्तरेला पेंच, आग्नेयेला उमरेड-कऱ्हांडला, नैर्ऋत्येला बोर, अशी वाघाची जंगलं आहेत. त्यामुळे "कुठेतरी उतरू" हे नागपुरात चालत नाही.

नकाशावर वाऱ्याच्या दिशेने एक पंखा काढा: अंदाजातली दिशा मध्ये, तिच्या दोन्ही बाजूंना ३० अंश. त्या पंख्यात १५, ३०, ४५ आणि ६० मिनिटांनी बलून कुठे असेल ते मांडा आणि प्रत्येक टप्प्यात उतरता येईल अशा निदान दोन जागा शोधा. वारा दुप्पट झाला तर तेच टप्पे कुठे सरकतील, तेही मांडा. त्या दुसऱ्या पंख्यात धरण, जंगल किंवा गाव येत असेल, तर सुटण्याची जागा बदला.

चेस गाडीने संध्याकाळी एकदा त्या भागातून फिरून यावं. सॅटेलाइट नकाशात खांब दिसत नाहीत. त्या भागातल्या महावितरणच्या उपकेंद्राचा नंबर याच फेरीत लिहून घ्यायचा.

दुसरी पायरी: पहाटे मैदानावर

पहाटे साडेपाचच्या सुमारास नागपूरची वेधशाळा स्वतःचा यंत्रं लावलेला फुगा सोडते आणि त्यातून वरच्या हवेची माहिती मिळते. आपणही आपला छोटा फुगा सोडायचा. हेलियम भरलेला साधा वाढदिवसाचा फुगा मिनिटाला साधारण शंभर मीटर वर जातो. त्याला होकायंत्राने बघत राहा. तीन मिनिटांनी तो एकदम एका बाजूला पळायला लागला, तर तीनशे मीटरवर वेगळा वारा आहे. पळण्याचा वेग बघून पोटात गोळा आला, तर त्या दिवशी चहा पिऊन घरी जायचं. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा फुगा सोडा. दोघांमध्ये फरक पडला असेल, तर हवा बदलते आहे.

उत्तर नागपुरात आपल्याला एक मोठी सोय आहे, ती म्हणजे कोराडी आणि खापरखेड्याची धुरांडी. वीस किलोमीटरवरूनही धूर दिसतो. धूर सरळ वर जाऊन पसरत असेल, तर वारा कमी. धुरांड्याच्या तोंडाशीच आडवा होऊन लांब पट्टा निघत असेल, तर जमिनीवर शांतता असली तरी वर वारा आहे. वीटभट्टीचा धूर खालच्या थराचं सांगतो, धुरांड्यांचा वरच्या थराचं. दोघांची दिशा वेगळी असेल, तर मधे कुठेतरी वाऱ्याचा कात्रीसारखा थर आहे आणि त्यातून जाताना बलून हेलकावे खाणार.

पायलटने सगळ्यांसमोर मोठ्याने ठरवायचं: किती वाजता खाली, किती गॅस उरला की खाली, कुठली रेषा ओलांडायची नाही. उदाहरणार्थ, "सव्वाआठ, ३० टक्के, काटोल रस्ता." हे ठरलेलं हवेत बदलायचं नाही.

प्रवाशांनी इथेच प्रश्न विचारावेत. पायलटकडे डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) बलून परवाना आहे का, बलूनवर 'व्हीटी' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, विमा आहे का. यात संकोच नको. पैसे दिलेत म्हणून नाही, जीव हवाली करताय म्हणून विचारा. सुती कपडे, बंद बूट, केस बांधलेले. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि हाडं ठिसूळ असलेल्यांनी बलूनमध्ये बसू नये, कारण वाऱ्यातलं उतरणं म्हणजे छोटासा अपघातच असतो.

तिसरी पायरी: फुगवताना

बलून आडवा पसरून पंख्याने थंड हवा भरताना तो मोठं शीड असतो. एक झुळूक आली तरी आठ माणसांना ओढत नेतो. म्हणून टोपली चेस गाडीला झटक्यात सुटणाऱ्या हुकाने बांधलेली असावी आणि गाडीचा हँडब्रेक ओढलेला असावा.

क्रूसाठी सगळ्यांत महत्त्वाचा नियम: दोर हाताला गुंडाळायचा नाही. आणि पाय जमिनीवरून उचलले जाताहेत असं वाटलं, तर त्याच क्षणी दोर सोडायचा. एक फुटावर सोडला तर काही होत नाही, वीस फुटांवर सोडायची वेळ आली तर जीव जातो. मी नव्या पोरांना हे रिकाम्या मैदानात दहादा करायला लावतो, कारण माणसाचा हात घाबरला की घट्ट आवळतो.

उभा राहताना बलून डोलत असेल, त्याचं खालचं तोंड आत-बाहेर होत असेल, तर बर्नर मारायचा नाही. कापड ज्योतीत येतं. पंखा बंद, वरचा व्हॉल्व्ह उघडा, गुंडाळा. झाडांच्या आडोशाला बलून शांत उभा राहतो म्हणून फसू नका. वाऱ्यातून सुटताना घुमटावरून (बलूनच्या कापडी फुग्यावरून) वाहणारी हवा त्याला विमानाच्या पंखासारखी खोटी उचल देते. झाडांच्या वर गेल्यावर बलून वाऱ्याच्या वेगाने चालू लागतो, ती उचल संपते आणि तो खाली येऊ लागतो. समोर घर किंवा तार असेल तर संपलं. म्हणून वाऱ्यात सुटायचंच झालं तर आतली हवा नेहमीपेक्षा जास्त गरम हवी आणि समोर दीड-दोनशे मीटर मोकळं हवं.

इथेच महोत्सवातल्या दोराने बांधलेल्या बलूनबद्दल बोलतो, कारण नागपूरकरांचा बलूनशी संबंध बहुधा तिथेच येतो. लोकांना वाटतं बांधलेला म्हणजे सुरक्षित. मोकळा बलून वाऱ्यासोबत वाहतो, बांधलेल्याला तो वारा अंगावर झेलावा लागतो. झुळूक आली की घुमट चेपतो, टोपली तिरकी होते, ज्योत कापडाकडे झुकते. तीन दोर त्रिकोणात, प्रत्येक दोर जड वाहनाला, आणि ताशी १० किलोमीटरच्या वर वारा गेला की बंद, असा माझा नियम आहे. बाहेर रांगेत पाचशे माणसं उभी असली तरी. मुलाला घेऊन रांगेत असाल आणि मैदानावरचे झेंडे ताठ फडकत असतील, तर रांग सोडा.

चौथी पायरी: हवेत असताना

पायलटने दर पाच मिनिटांनी जीपीएसवरचा जमिनीचा वेग बघावा आणि बोलून दाखवावा. १२ चे १६ झाले, १६ चे २१ झाले, तर झाकण फुटायला लागलंय. उंची न बदलता वेग वाढणं ही पहिली खूण. दुसरी खूण खाली बघून मिळते: तळ्याच्या पाण्यावर उठलेल्या लाटा, वाकलेली बाभूळ, चुलीचा आडवा झालेला धूर, पिकावरून सरकणाऱ्या लहरी, गाडीमागे न थांबता एका बाजूला पळणारी धूळ. पायलटला यातलं काही दिसलं नाही तरी चेस गाडीतल्याला दिसतं, आणि त्याने ते लगेच सांगायचं. मी गप्प बसलो होतो, तुम्ही बसू नका.

बलूनला सुकाणू नसतं, पण थर बदलून दिशा बदलता येते. आपल्या गोलार्धात वर गेलं की वारा साधारणपणे उजवीकडे वळतो, खाली आलं की डावीकडे. नेहमीच असं घडत नाही, म्हणून सकाळच्या छोट्या फुग्याचे आकडे खिशात हवेत. उतरायची जागा डावीकडे असेल, तर तिच्यापर्यंत पोचायच्या आधी खाली यायला सुरुवात करावी. बलून किती परावलंबी आहे हे उद्योगपती विजयपत सिंघानियांच्या उंचीच्या विक्रमातही दिसतं. २६ नोव्हेंबर २००५ रोजी ते मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून निघाले, २१,०२७ मीटरवर गेले आणि उतरले सिन्नरजवळच्या पांचाळे गावात. इतक्या तयारीच्या मोहिमेलाही वारा नेईल तिथेच उतरावं लागलं.

दोन थरांच्या मधून जाताना घुमटाला एका बाजूने खळगा पडतो, थोडी गरम हवा निसटते आणि बलून झपाट्याने खाली येऊ लागतो. अशा वेळी पॅराशूट व्हॉल्व्हला, म्हणजे घुमटावरच्या हवा सोडणाऱ्या झाकणाला, हात लावायचा नाही. तोंड उघडं आहे याची खात्री करून थोड्या थोड्या अंतराने बर्नर मारायचा आणि उष्णता टिकवायची. प्रवाशांनी टोपलीच्या आत वाकून दोराचे कडे धरायचे. आरडाओरडा केला तर पायलटला चेस गाडीचं ऐकू येत नाही.

वादळाची खूण दिसली, म्हणजे एकदम गार हवा, मातीचा वास, क्षितिजावर धुळीची भिंत, तर चर्चा नाही. समोर जे पहिलं बरं वावर आहे त्यात उतरायचं. पिकाचं नुकसान झालं तर भरून देता येतं.

पाचवी पायरी: वाऱ्यात उतरणं

जागा निवडताना रुंदीपेक्षा लांबी बघा. वाऱ्याच्या दिशेने किमान २०० मीटर मोकळं हवं, आणि त्या पलीकडेही तार, विहीर किंवा रस्ता नको. नांगरलेलं रिकामं वावर उत्तम. उभी तूर चालते, कारण तुराट्या टोपलीला अडवतात. संत्र्याची बाग टाळा: झाडं, ठिबकच्या नळ्या आणि बागेभोवती हमखास असणारी विजेची लाईन. वाळलेल्या पऱ्हाटीत (कापसाच्या झाडांत) किंवा पिकलेल्या गव्हात उतरायचं असेल, तर ज्योत आधीच पूर्ण विझलेली पाहिजे.

क्रम असा असतो. पायलट उंच झाडांची रांग मागे टाकून तिच्या आडोशाच्या पुढे नीट खाली येतो. प्रवाशांना "तयार" म्हणतो. जागा पक्की झाली, की शेवटच्या टप्प्यात तो बर्नरची सतत पेटती छोटी ज्योत (पायलट लाईट) आणि सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद करून नळीतला गॅस जाळून टाकतो. जमिनीपासून एक-दोन मीटरवर असताना झटक्यात हवा सोडणारा दोर, बहुतेक बलूनमध्ये लाल असतो तो, पूर्ण ओढतो आणि ओढूनच धरतो. अर्धवट ओढून सोडला तर घुमट पुन्हा शीड होतो आणि फरफट लांबते.

प्रवाशांनी काय करायचं ते नीट वाचा. जाण्याच्या दिशेकडे पाठ. पाठ आणि डोकं टोपलीच्या भिंतीला टेकलेलं. पाय जुळवलेले, गुडघे थोडे वाकवलेले. दोन्ही हातांनी आतले कडे धरायचे, टोपलीची कड बाहेरून धरायची नाही. मोबाईल आणि कॅमेरा आधीच बंद पिशवीत. टोपली टेकेल, उसळेल, पुन्हा टेकेल आणि आडवी होईल. तुम्ही एकमेकांच्या अंगावर पडाल. ते ठीक आहे. पायलट "आता बाहेर" म्हणेपर्यंत कोणीही उतरायचं नाही, कारण एक माणूस उतरला की सत्तर किलो वजन कमी होतं आणि बलून उरलेल्यांना घेऊन पुन्हा उचलला जाऊ शकतो. ज्या ताईंचं मनगट मोडलं, त्यांचा एक हात बाहेर होता.

तारा

बलूनच्या मोठ्या अपघातांमध्ये तारा पुन्हा पुन्हा येतात. न्यूझीलंडमध्ये कार्टरटनला ७ जानेवारी २०१२ रोजी ११ जण गेले, टेक्सासमध्ये लॉकहार्टजवळ ३० जुलै २०१६ रोजी १६, आणि अल्बुकर्कीला २६ जून २०२१ रोजी ५. तिन्ही ठिकाणी वीजवाहिनी होती. कार्टरटनला पायलटने शेवटच्या क्षणी वर चढून तार ओलांडायचा प्रयत्न केला आणि टोपली तारेत अडकली.

वावरात तार शोधू नका, खांब शोधा. वरून काळ्या मातीवर तार दिसतच नाही. विहीर दिसली, की तिथे मोटारपंप आहे आणि पंपापर्यंत लाईन आलेली आहे, असं धरूनच चाला. डीपी (ट्रान्सफॉर्मर) दिसली तर तिच्यापासून किमान दोन दिशांना तारा गेलेल्या असतात.

तार टाळता येणार नाही असं कळलं, तर वर जायचं नाही. गॅस बंद, नळी मोकळी, आणि लाल दोर पूर्ण ओढून शक्य तितक्या लवकर खाली. तारेला टोपली किंवा तिचे स्टीलचे दोर लागण्यापेक्षा वरचं कापड लागू द्या. जमिनीवर बसलात आणि कापड तारेवर आहे, तर टोपलीतच थांबा, धातूला हात लावू नका. आग लागली तरच बाहेर, आणि तेही दोन्ही पाय जुळवून लांब उडी मारून, जमीन आणि टोपली एकाच वेळी न शिवता. मग पाय जुळवूनच छोट्या उड्या मारत लांब. बाहेरच्या कोणीही जवळ जायचं नाही. गावकरी मदतीला धावत येतात, त्यांना अडवणं हे चेस गाडीतल्या माणसाचं पहिलं काम. लाईन बंद झाल्याचं उपकेंद्राकडून कळेपर्यंत, तार मेलेली दिसली तरी, कोणालाही हात लावू द्यायचा नाही. आदल्या दिवशी नंबर लिहून घेतला तो याच वेळेसाठी.

उतरल्यावर

आधी माणसं मोजा. मग प्रत्येकाची मान, पाठ, मनगट, घोटा विचारा. अंगात भीती असते तोवर दुखणं कळत नाही, म्हणून पंधरा मिनिटांनी पुन्हा विचारा. पाठ दुखते म्हणणाऱ्याला उभं करू नका, १०८ ला फोन करा.

क्रूने वावरात शिरताना गाडी धुऱ्यावर थांबवावी आणि चालत जावं. आपल्याकडे कठडा नसलेल्या विहिरी पुष्कळ आहेत. रानडुकरांसाठी वावराभोवती झटका मशीनची तार असते. काही ठिकाणी लोक थेट लाईनचा करंटही सोडतात. ते बेकायदा आहे आणि त्यात माणसं मेली आहेत. सकाळच्या धुक्यात ती बारीक तार दिसत नाही. शेतमालकाला आवाज द्या, "काकाजी, तारेत करंट हाय का?" एवढं विचारून मगच आत पाय टाका.

काकाजी आले की आधी माफी मागायची. मग किती तुराट्या मोडल्या ते त्यांच्यासोबत फिरून मोजायचं आणि पैसे तिथल्या तिथे द्यायचे. आम्ही त्यांचा नंबर घेतो आणि आमचा देतो. पुढच्या वेळी त्यांच्या गावाकडे वारा असेल तर आदल्या रात्री फोन करतो. ते पहाटे झटका मशीन बंद ठेवतात, आणि कोणत्या वावरात नवीन खांब उभे राहिलेत तेही सांगतात.